माफीनाम्याचा नमुना

तीन हंगाम मी हे सांगायचं टाळलं. पहिल्या वर्षी स्वतःला म्हणालो, अजून ताजं आहे, निवू दे. दुसऱ्या वर्षी म्हणालो, आता जुनं झालं, उकरून काय करायचं? यंदा मोहगावच्या वाटेवरच्या आमच्या बगीच्यात पुन्हा संत्र्याची तोड सुरू झाली. क्रेटं उतरली, मजूर आले आणि विमलबाई डोक्याला फडकं बांधून पहिल्या ओळीत येऊन उभी राहिली. मला बघून हसली. म्हणाली, "वाळून गेले तुमी बडेबाबू. खात-पेत नाई का?" मी तिसरं कारण शोधू लागलो. सापडलं नाही.

पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात मी बडेबाबू होतो, म्हणजे हेडक्लार्क. निवृत्त झाल्यावरही संस्थेनं मला काही वर्षं ठेवून घेतलं, कारण कोणती फाईल कोणत्या कपाटात आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ही अडचण मी मुद्दाम जपली होती. विमलबाईची थोरली मुलगी पल्लवी तिथंच बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. आई आमच्याकडे संत्री तोडायची, कापूस फुटला की कुणाच्याही शेतात वेचायला जायची. मुलगी बोरगावहून सौसरला यायची आणि सौसरहून माझ्याच बसनं पांढुर्ण्याला. ती आधी चढायची आणि पुस्तकांची पिशवी टाकून माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायची. कुणी बसायला आलं की म्हणायची, "इथं बडेबाबू येऊन राहिले." दोन वर्षं ती जागा मला अशी मिळाली. मी कधी आभार मानल्याचं आठवत नाही. मजुरणीच्या मुलीनं जागा धरावी यात मला काही विशेष वाटत नव्हतं.

संत्रं ओढायचं नसतं. मुठीत धरून हलकं पिरगाळायचं, म्हणजे देठ फळाशी लागून तुटतो. ओढलं तर सालीचा लचका निघतो आणि देठ लांब राहिला तर क्रेटमध्ये तो शेजारच्या फळाला टोचतो. टोचलेलं फळ दोन दिवस छान दिसतं. मग त्याच्यावर हिरवी बुरशी चढते आणि आडत्या ते उचलून बाजूला फेकतो. कोणत्या फळाचा देठ टोचला हे कुणी बघत नाही. विमलबाई दरवर्षी नव्या पोरींना हे शिकवते. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून ऐकतो. पूर्वी या शिकवणीकडे माझं लक्षही जात नसे. आता ती सुरू झाली की मी उठून पाण्याच्या टाकीकडे जातो.

तो हंगामही असाच होता. हवेत गारवा नुकता उतरला होता, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतून कापसाचे पुंजके उडून बाभळींना लटकत होते. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेब नवे. नवे साहेब कशावर रागावतील हे कुणाला कळलेलं नव्हतं, म्हणून सगळेच सगळ्याला भीत होते. आणि फोनमध्ये युद्ध आलं होतं. आधी इस्राएलमध्ये माणसं मारली गेली, पळवून नेली गेली. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले आणि पडतच राहिले. ज्या पोरांना छिंदवाड्यापलीकडचा रस्ता माहीत नव्हता, ती कँटीनमध्ये समोसा हातात धरून सीमारेषा आखत होती. कुणी मोटरसायकलीला इस्राएलचा निळापांढरा झेंडा लावला. कुणी गळ्यात गाझातल्यांसारखा काळापांढरा चौकडीचा रुमाल घातला, प्राध्यापकांनी काढायला लावला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे पाणी, आणि दगड. लहानपणापासून आम्हाला माणूस ओळखायची ही एकच रीत शिकवलेली असते : तू कोणत्या काठावरचा? आमच्या कॉलेजनं त्या दूरच्या युद्धाचीही गोटमार करून टाकली. काठ वाटून घेतले. दगड तर कुणाच्याही हाताला लागतो.

पल्लवी आणि तिची मैत्रीण शबाना यांनी काठ निवडला नाही, असं मी आज म्हणतो. तेव्हा असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दोघींकडे व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकाचं काम होतं. काचेच्या दारांची लाकडी चौकट, आत दर पंधरवड्याला नवा कागद. बहुतेक वेळा कविता, थोरांचे विचार, परीक्षेच्या तारखा. त्या पंधरवड्याला त्यांनी फक्त नावं लिहिली. गाझात मेलेल्या मुलांची नावं आणि पुढं वय. वय चार. वय नऊ. वय सात महिने. घोषणा नाही, चित्र नाही. शबाना टेलरची मुलगी, तिच्या हाताला मापाची सवय. ओळी अशा सरळ की कापडावर आखल्यासारख्या.

मधल्या सुट्टीत पोरं जमली. हर्षल नावाचा मुलगा त्यांचा पुढारी, दुसऱ्या वर्षाचा, आवाजाला मोठा.

"हे एकाच बाजूचे नावं काहून लिवले?" त्यानं विचारलं. "तिकडचे लेकरं नाई मेले का? त्यायले माय-बाप नाई का?"

"हायेत ना," पल्लवी म्हणाली. "तू नावं आण, लिवून टाकू."

"मी काहून आणू? तुह्या घरचा नोकर हाये का?"

"मंग आमीच शोधतो. तू निस्ता वाचाले ये."

पोरं हसली. हर्षलच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी कागदावर दुसरा रकाना होता. तिकडची नावं, तिकडची वयं. मधे शबानानं पट्टीनं रेघ मारली होती. हर्षलची तक्रार रास्त होती आणि तिचं उत्तरही मिळालं होतं. भांडायला काही उरलं नाही, हेच त्या पोरांना झोंबलं असावं. त्यांनी कागद ओढायला चौकटीत हात घातला, पल्लवीनं दार दाबून धरलं, काच फुटली आणि हर्षलचा तळहात कापला. दोन टाके पडले. व्हरांड्यात थेंब सांडले होते, शिपायानं ओल्या फडक्यानं पुसले, आणि तेवढ्या वेळात "कॉलेजात रक्तपात" अशी बातमी रेल्वे स्टेशनापर्यंत पोचली. नावांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. तो कागद कचऱ्याच्या टोपलीत होता. शिपायानं ती संध्याकाळी पेटवली.

प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बडेबाबू, आजच्या आज हे संपवा. वरून फोन यायच्या आत फाईल तयार पाहिजे."

आता माझ्या विद्येबद्दल सांगायला हवं. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात माफीनाम्याचा एक नमुना होता. माझ्या आधीच्या बडेबाबूंनी तो मला दिला होता, मी त्याला घासून-पुसून चकचकीत केला. हिंदीत, कारण आम्ही मराठी बोलत असलो तरी राज्य हिंदीचं, सगळं कामकाज हिंदीत. पहिलं वाक्य : मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय लिहितो आहे. दुसरं : गुन्ह्याची कबुली. तिसरं : बहकावा, म्हणजे कुणाच्या तरी नादी लागून हे केलं. चौथं : पुन्हा होणार नाही. खाली सही. परीक्षेत कॉपी करणारे, खिडक्या फोडणारे, मुलींच्या मागं फिरणारे, सगळ्यांनी मी सांगितलं तसं लिहून दिलं आणि सुटले. कबुली जितकी मोठी, तितकी फाईल लवकर बंद होते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. किरकोळ चूक लिहिली तर साहेबाला वाटतं काहीतरी लपवतो आहे. घसघशीत लिहिली की साहेब समाधानानं सही करतो आणि सगळे विसरतात. माफीनामा हा कुणी वाचायचा कागद नसतो. तो फाईलला लावायचा कागद असतो. मी तशा शंभर पोरांना वाचवलं असेल. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

दोघींना ऑफिसात बोलावलं. शबाना आत आली, नमुना वाचला आणि कागद टेबलावर ठेवून दिला. "जो किया ही नहीं वो कैसे लिखूँ, बाबूजी?" म्हणाली आणि दाराशी जाऊन अब्बांना फोन लावत उभी राहिली. तिच्या मागे मी लागलो नाही. तिचा बाप बोलणारा माणूस होता. पल्लवीचा बाप कधीच वारला होता आणि आई माझ्या बगीच्यात होती.

ती समोरच्या स्टुलावर बसली. मी सांगायला लागलो. सांगता सांगता संत्रं सोलत होतो. सकाळी विमलबाईनंच पिशवीत घालून दिलेलं, पातळ सालीचं, गोड.

"मैं, पल्लवी, पूरे होश में, बिना किसी दबाव के लिख रही हूँ कि मैंने बाहरी लोगों के बहकावे में आकर..."

ती थांबली. "बाहरी लोग कोन, बडेबाबू?"

"कोनी नाई. लिवा लागते."

"पन मले कोनीच नाई सांगतलं. मी अन् शबानानं बसून लिवलं."

"तुले परीक्षेले बसाचं हाये का नाई?"

"बसाचं हाये."

"मंग लिव ना बाई. लिवल्यानं काय होते? कागद फाईलमंदी जाते, फाईल कपाटात जाते, कपाटाची चाबी माह्याजवळ. कोन वाचून राहिलं?"

तिनं लिहिलं. पुढचा शब्द होता 'देशविरोधी'. तो लिहिताना तिचा पेन अडला, तिनं खोडलं. मी तो कागद चुरगाळून नवा दिला. दुसऱ्या कागदावर सहीच्या जागी पाणी पडलं, शाई पसरली. मी म्हणालो, "रडाचं तं बाहेर जाऊन रड. कागद ओला नको करू." हे मी एका फोडीतली बी थुंकता थुंकता म्हणालो. तिसरा कागद स्वच्छ उतरला. तिनं दोन्ही हातांनी मला दिला, आम्ही शाळेत गुरुजींना पाटी द्यायचो तसा.

ती गेल्यावर मी कागद टेबलावर सरळ केला, डाव्या हातानं कोपरा दाबला आणि उजव्या हातानं फोटो काढला. कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'विषय समाप्त', आणि जोडलेले हात. आठ जणांनी अंगठे दिले. एका प्राध्यापकानं लिहिलं, 'बडेबाबू हैं तो सब संभव है।' ते वाक्य मी दोनदा वाचलं. उरलेलं संत्रं संपवलं.

अर्ध्या तासात तो फोटो कॉलेजच्या प्रत्येक फोनमध्ये होता. बस सौसरला पोचेपर्यंत तो आमच्याही पुढं जाऊन पोचला होता. त्या दिवशीसुद्धा पल्लवीनं माझी जागा धरली होती. मी येऊन बसलो. मागच्या सीटवर कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं, 'मैं, पल्लवी, पूरे होश में...' तिनं मान वळवली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, "हे बाहेर कसं गेलं?" त्यांना चांगलंच माहीत असायला हवं होतं, ते त्याच ग्रुपवर होते. पण त्यांना उत्तर नको होतं, नाव हवं होतं. मी म्हणालो, "लिहून घेताना ती दुसरी पोरगी दारात उभी होती, फोन घेऊन." एवढंच म्हणालो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. चाळीस वर्षं मी असेच कागद तयार केले होते, ज्यांत एकही शब्द खोटा नसतो.

प्राचार्यांनी ते एकाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला. दुपारपर्यंत पल्लवीच्या कानावर आलं.

पुढचे आठ-दहा दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. भित्तिपत्रकाच्या फुटक्या चौकटीत कुणीतरी माफीनाम्याची मोठी झेरॉक्स चिकटवली होती. पल्लवी फाटकातून आत आली की पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून एका सुरात म्हणायची, प्रार्थनेसारखं, "मैं, पल्लवी, पूरे होश में..." पहिल्या वाक्यानंतर श्वास घ्यायची आणि मग 'बाहरी लोगों के' वर जोर द्यायची. संत्र्याच्या साली फेकायची. हंगामच होता, साली कुठंही मिळत होत्या. ती केसांतून साल काढायची आणि चालत राहायची. खिडकीआड बसून मी हे ऐकत होतो, आणि इतकं लपवल्यावर आता हेही सांगून टाकतो : पोरं बरोबर जागी थांबतात हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. मजकूर माझा होता. पहिल्यांदाच कुणी तो मोठ्यानं वाचत होतं.

एका दुपारी व्हरांड्यात त्या दोघी समोरासमोर आल्या. मी रजिस्टर घेऊन जात होतो.

"फोटो काहून काढला तू?" पल्लवी म्हणाली.

"अन् तू बाहरी लोग काहून लिवलं? मी बाहरी हाव?" शबाना म्हणाली. "दो साल एका डब्यात जेवलो आपण. माह्या अब्बाच्या दुकानासमोर पोट्टे येऊन गाड्या घुरकवून राहिले, तुले मालूम हाये?"

"मी तुह्यासाठी नोयतं लिवलं."

"मंग कोनासाठी?"

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती सांगेल, बडेबाबूंनी लिहायला लावलं. लहान माणसं मोठ्यांची लाज राखतात, तशी तिनं माझी राखली. मी रजिस्टर छातीशी धरून स्टाफरूममध्ये गेलो आणि चहा मागवला.

शबानानं दाखला काढून नेला. तो मीच टाईप केला. चार-सहा दिवस तिच्या अब्बांच्या दुकानाचं शटर खाली होतं, मग उघडलं. दिवाळीत मी सदऱ्याचं माप द्यायला तिथंच गेलो, कारण इतकी वर्षं तिथंच जात होतो आणि न जाणं म्हणजे काहीतरी कबूल करणं झालं असतं. माझ्या खांद्यावर टेप धरून तो माणूस म्हणाला, "बडेबाबू, आप तो वहीं थे। हमारी बच्ची ने उस लड़की का क्या बिगाड़ा था?" टेप मानेशी होता. मी म्हणालो, "बच्चे हैं, हो जाता है।" त्यानं आकडा लिहून घेतला.

पल्लवी महिनाभर येत राहिली. मग बसमध्ये माझी जागा धरलेली नव्हती. मी दांड्याला धरून उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा राग आला, तिचा. परीक्षेचं प्रवेशपत्र तिनं नेलं नाही. पेपर झाले, निकाल लागले, ते माझ्या कपाटात पडून राहिलं. फोटोतली पल्लवी दोन वेण्यांत, ओठ घट्ट मिटलेले. तिला शिक्षिका व्हायचं होतं. विमलबाई सांगायची, घरी शेजारच्या पोरांना ओट्यावर बसवून शिकवते, चुकलं तर ओरडत नाही. मी नोकरी सोडली तेव्हा सगळ्या चाव्या दिल्या आणि ते प्रवेशपत्र घरी घेऊन आलो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट शिक्षा नाही, ती मला झालीच नाही. वाईट गोष्ट म्हणजे त्यांचे उपकार. पुढच्याच तोडीला विमलबाई तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन आली. "माह्या पोरीनं तुमाले लय तरास देल्ला, बडेबाबू. तुमी होते म्हून कागदावर भागलं. नाई तं पोलिसात नेलं असतं तिले. आमाले कोन हाये दुसरं?" मी शेंगा घेतल्या. घरी उकडून मिठाबरोबर खाल्ल्या. तेव्हापासून दर हंगामात काहीतरी येतं, कधी शेंगा, कधी गावरान बोरं. दर हंगामात मी घेतो. नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल.

यंदा ती शेंगा घेऊन आली त्या संध्याकाळी मी कागद घेतला. हाताला सवयीनं नमुनाच आला. 'मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय...' फाडला. दुसरा घेतला. 'परिस्थितीच्या ओघात माझ्याकडून...' फाडला. पल्लवीला मी तीन कागद लिहायला लावले होते. मला नऊ लागले. दहावा घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बोरगावला गेलो. पल्लवी तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. दुपारी दोनला पाळी सुटते. फाटकासमोर चहाच्या टपरीवर मी उभा होतो.

बायकांचा घोळका बाहेर आला. ती बारीक झाली होती, केस जाळीच्या टोपीत. मला बघून थबकली, मग धावतच आली.

"बडेबाबू! तुमी इथं? उन्हात काहून उभे राहिले?" टपरीवाल्याचं स्टूल तिनं ओढलं, ओढणीनं पुसलं आणि मला बसवलं. सोबतच्या बाईला म्हणाली, "हे आमच्या कॉलेजचे बडेबाबू. यायनंच वाचवलं मले."

बाईनं मला नमस्कार केला.

"शिकाचं काय केलं?" मी विचारलं. हे विचारायला मी आलो नव्हतो.

"राहून गेलं." ती हसली. "लहान भाऊ शिकून राहिला. त्याले सांगतलं, भितीवर काही लिवू नको म्हून."

मी खिशाकडे हात नेला. म्हणालो, "पल्लवी, शबानाचं..."

"नाव नका घेऊ तिचं." तिचा आवाज बदलला नाही, फक्त सपाट झाला. "मागं आली होती घरी. तिचं लगन जमलं, पत्रिका घेऊन आली. मी आतून कडी लावून बसलो. मायनं सांगतलं, घरी नाई म्हून. बाहेर रडून राहिली होती. रडू दे म्हटलं." तिनं फोन काढला. "हे पाहा, अजून ठेवला मी. कधी मन नरम झालं का पाहून घेतो."

तोच फोटो होता. तिचं अक्षर, तिची सही. आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, फोटोच्या अगदी काठावर, अर्धा अंगठा आणि त्याच्याशेजारी पिवळा डाग. संत्र्याच्या सालीचं तेल. शंभर वेळा तिनं तो फोटो पाहिला असेल. ती स्वतःचं अक्षर पाहत होती, कोपरा नाही. तिच्या फोनच्या खालीच माझा अंगठा स्टुलाच्या कडेवर होता, तेच तुटकं नख, तोच बाक. मी हात मागं घेतला.

"पाणी देऊ का? चेहरा उतरला तुमचा," ती म्हणाली.

मी म्हणालो, ऊन लागलं. तिनं मला बसमध्ये बसवून दिलं. आत जाऊन खिडकीजवळची जागा बघितली, एका पोराला उठवलं आणि म्हणाली, "इथं बडेबाबू बसून राहिले." बस सुटेपर्यंत खाली उभी होती.

हे कुठं छापून आलं तरी ती वाचेल असं नाही. त्यांच्या घरी पेपर येत नाही. शबाना लग्न होऊन कुठं गेली ते मी विचारलेलं नाही. विचारलं तर जावं लागेल. उद्या तोडीचा शेवटचा दिवस आहे. विमलबाई पुढच्या हंगामापर्यंत येणार नाही. कागद तिच्या हातात द्यावा असं सकाळपासून मनात येतं, पण तिला वाचता येत नाही, ती तो पोरीकडून वाचून घेईल. मी क्रेटं मोजणाऱ्याकडे पाहत बसलो आहे आणि कागद खिशात आहे, घडीवर मळला आहे. त्यात लिहिलं आहे ते असं :

पल्लवी, तो फोटो मी काढला. शबानानं नाही. कोपऱ्यातला अंगठा माझा आहे, पिवळा डाग तुझ्या आईनं दिलेल्या संत्र्याचा. शबाना दारात होती हे मी सांगितलं, आणि ती अब्बांना फोन लावत होती हे सांगितलं नाही. 'बाहरी लोग' हे शब्द तुझे नव्हते, माझे होते, हे मी तिला कधी कळू दिलं नाही. मी तुला वाचवलं नाही. तिच्यासाठी लावलेली कडी काढ. माझ्यासाठी काढू नको. मला माफ कर.